हातमोज्यांची नाडी

"हात दाखव!"

हिवाळ्यात काकूंच्या दारातून कुठलंही मूल एवढं केल्याशिवाय बाहेर पडत नसे. ते दोन्ही हात पुढे करी, काकू हातमोजे ओढून पाहत आणि मगच दार उघडत. एकदा पार्सलवाल्यालाही त्यांनी मराठीतच दरडावलं, आणि त्या बिचाऱ्याने निमूट हात पुढे केले.

लंडनच्या क्रॉयडनमध्ये त्या आमच्या शेजारी राहायच्या आणि आमच्यासारख्या ट्रामच्या मागे पळणाऱ्यांची मुलं सांभाळायच्या. माझ्या इराला नर्सरीत सोडायचं-आणायचं काम त्यांचंच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या जिवावर चार घरं चालतात आणि जी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

रस्त्यात कुणाचा हातमोजा पडलेला दिसला की काकू तो उचलून, झटकून जवळच्या रेलिंगच्या टोकावर चढवत. "राहू दे इथेच. कुणाची तरी आई शोधत येईल."

पोरांच्या हातमोज्यांचं दुखणं आयांनाच विचारा. सकाळी दोन घालून पाठवावेत, संध्याकाळी एक परत यावा. दुकानातल्यांचं मला काही वाटायचं नाही. पण त्या वर्षी इराकडे लाल लोकरीची जोडी होती, माझ्या आईने नाशिकला बसून विणलेली. ती कुरिअरने आली आणि थोड्याच दिवसांत आई गेली. आता तशी जोडी कोण विणणार? मी ती सरळ कपाटात ठेवली.

"आईने विणलेले हातमोजे कुठायत गं?" काकूंनी विचारलं.

"कपाटात आहेत. हरवले तर काय करू, काकू?"

"का? कपाटाला थंडी वाजते का?"

मला असा राग आला! यांचं काय जातंय बोलायला? पण बाई थांबतील तर शपथ. पुण्याहून येताना त्या परकराच्या नाड्यांचा गठ्ठा आणत. इथे सगळं मिळतं, धड नाडी मिळत नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यातली एक काढून त्यांनी सेफ्टी पिन लावली आणि परकरात ओवावी तशी कोटाच्या एका बाहीतून, पाठीवरून, दुसऱ्या बाहीत ओवली. दोन्ही टोकांना आईचे हातमोजे टाचले. "आता हरवून दाखव म्हणावं!"

झालं काय, इराने एक हात वर केला की दुसरा हातमोजा सर्रकन बाहीत गुडूप. नर्सरीत दिवसभर हाच जादूचा प्रयोग. संध्याकाळी टीचरने काकूंना आणि मला बाजूला घेतलं. दोरी गळ्याशी आली तर धोका आहे, सॉरी, चालणार नाही.

मला वाटलं, आता काकू हिचा समाचार घेणार. पण त्यांचा चेहराच उतरला. "बरोबर आहे हो तिचं," रस्त्यात म्हणाल्या. "पोरीच्या गळ्यापुढे लोकरीचं काय एवढं?"

"जाऊ द्या काकू, ठेवते कपाटात."

"खबरदार!"

घरी जाऊन त्यांनी ब्लाउजच्या टिचबटणांचा डबा काढला. हातमोज्याला बोटभर पट्टी, पट्टीला एक बटण, बाहीच्या आत दुसरं. जोरात ओढलं की सुटणार, म्हणजे गळ्याबिळ्याची भीती नाही. टीचरने स्वतः ओढून पाहिलं आणि हसून मान डोलावली.

जोरात ओढलं की सुटतं, ते एकदा सुटलंच. पार्कातून येताना इरा झुडपात अडकली, धडपडत निघाली, आणि दारात येऊन पाहतो तर एकच हातमोजा. मला रडू फुटलं. आई पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. काकू बूटही न काढता उलट्या पावली निघाल्या, मागे इरा आणि मी.

पार्काच्या फाटकाशी आलो आणि इरा ओरडली, "काकूआजी, तिकडे!"

रेलिंगच्या टोकावर लाल हातमोजा होता. कुणीतरी उचलून नीट चढवलेला, अंगठा वर. आज शोधत आलेली आई मी होते. काकूंनी तो काढून गालाला लावला. "ओला झालाय गं," म्हणाल्या, आणि त्यांनाच हुंदका आला.

मागच्या वर्षी काकू ब्रॅकनेलला लेकाकडे गेल्या. नातू झालाय. फोनवर आमचं बोलणं संपवतानाही विचारतात, "हातमोजे घालतात ना पोरं?"

इरा आता मोठी झाली, तिला ती जोडी होत नाही. धाकटा कबीर वस्तू हरवण्यात तिच्या चार पावलं पुढे. म्हणून परवा पहिलं दंव पडलं तेव्हा मी जोडी मऊ फडक्यात गुंडाळून पुन्हा कपाटाकडे निघाले. इराने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि तिच्या इंग्लिश वळणाच्या मराठीत विचारलं,

"आई, कपाटला थंडी वाजतो का?"

मी कबीरचा कोट आणि सुईदोरा घेतला.

सकाळी निघताना इरा दार अडवून उभी. "कबीर, हात दाखव!" त्याने दोन्ही लाल हात पुढे केले. मी एकेक ओढून पाहिला. आईची वीण आणि काकूंचं बटण, दोन्ही पक्की होती.