दोनदा धुतलेली पूड

संतपूरहून गुलबर्ग्याला पीएचडीसाठी आले, तेव्हा आमच्या घरातली मेंढरं जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. रसायनशास्त्र विभागात मात्र माझी ओळख मेंढरं राखणाऱ्यांची पोर हीच राहिली.

हाडांत असतं तेच खनिज, कॅल्शियम फॉस्फेट, मला अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बनवायचं होतं. त्यात युरोपियम हा धातू किंचित मिसळला की अतिनील प्रकाशात कण लाल उजळतात. ते जिवंत पेशीत सोडले तर पेशीला धक्का न लावता तिच्या आत पाहता येईल, अशी आशा होती.

पहिली पूड मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत नेली. तिथल्या मॅडमनी ती पेशींना दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी मेलेल्या.

माझ्या मार्गदर्शक सरांनी अहवाल टेबलावर टाकला. "कण विषारी आहेत. विषय बदल, नाहीतर बीएड कर. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातून इथवर आलीस, पुष्कळ झालं."

तशीच बस धरून गावी आले. अप्पा तुरीत खुरपत होते. माझं सगळं ऐकून म्हणाले, "तुझे सर म्हणायलेत ते ऐकलं. तुला काय वाटायलंय?"

"कण विषारी न्हाईत, अप्पा. हाडातलंच खनिज हाय ते."

"मग हितं कामून बसलीस?"

परत आले. सरांच्या वहीतली कृती पहिल्यापासून वाचली. पूड बनवताना अमोनिया वापरायचा आणि शेवटी दोनदा धुवायची, असं त्यांनी लिहिलं होतं. मी तशीच धुतली होती. आता उरलेली पूड पाण्यात ढवळून त्यात पीएच पेपर बुडवला. गर्द निळा, म्हणजे अल्कधर्मी! अमोनिया आतच होता. पेशी कणांनी नव्हे, त्यानं मेल्या होत्या.

मग मी पूड धूतच राहिले. अकराव्या धुण्यानंतर पेपर निळा व्हायचा थांबला.

"आणखी एकदाच संधी देते," हैदराबादच्या मॅडम म्हणाल्या. नवी पूड पेशींना दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. अंधाऱ्या खोलीत डोळा लावला. पेशी पसरलेल्या, धडधाकट, आणि प्रत्येकीच्या पोटात लाल ठिपके. मी मोठ्यानं हसले. "हळू," मॅडम म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

सरांना फोटो आवडले. प्रबंध वाचल्यावर मात्र त्यांनी मला बोलावलं. "मेलेल्या पेशींचं प्रकरण काढून टाक. शोभत नाही."

"त्यात दोनदा धुण्याची कृती आहे, सर. पुढं कुणी तीच वापरली तर?"

"काढ म्हणतोय ना!"

"न्हाई काढत."

आवाज चढला की माझी गावची बोली वर येते. त्या दिवशी मी ती आवरली नाही. दीड वर्ष त्यांनी सही अडवली. दर सोमवारी मी तोच प्रबंध, तेच प्रकरण घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. शेवटी त्यांनी मान वर न करता सही केली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याच प्रकरणावर पाऊण तास विचारलं. सर एकदाही माझ्या मदतीला आले नाहीत. गरजही पडली नाही.