पिंकीच्या नानीची चिठ्ठी

गाढवपणा करायला अक्कल लागत नाही म्हणतात. साफ खोटं! मी जो केला ना, त्याला चांगली बीएड झालेली बाईच लागते. चहा घ्या, सांगते. पण हसायचं असेल तर शेवटी हसा, मधे हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही.

तर, मी यास्मीन. यवतमाळला मराठी शाळेत गणित शिकवते. माझंही सगळं शिक्षण मराठीतच झालं. लहानपणी मौलवी साहेबांकडे कुराण शरीफ वाचायला शिकले, तेवढीच त्या लिपीशी ओळख. तेही छापलेलं, ठळक, प्रत्येक अक्षराला जेर-जबर, म्हणजे उच्चाराच्या खुणा लावलेलं. पण हाताने लिहिलेली उर्दू? अहो, त्यापेक्षा डॉक्टरची चिठ्ठी परवडली!

आणि हे कोणाला सांगायचं कसं? मुसलमानाची पोरगी आणि उर्दू वाचता येत नाही, म्हणजे मासोळीला पोहता येत नाही.

मे महिन्यात नेरच्या एका उर्दू शाळेत मुस्लिम मुलींचं उन्हाळी शिबिर होतं. चाळीस मुली, आठ दिवस. शिबिराच्या प्रमुख होत्या बडी आपा. रिटायर्ड हेडमास्तरीण, आवाज असा की पंखासुद्धा हळू फिरायचा. त्यांनी मला मेंटर म्हणून बोलावलं. मेंटर म्हणजे काय, तर मोठी बहीण. पोरींबरोबर राहायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा.

पहिल्याच दिवशी आपांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. वर लिहिलं, ‘दिल की बात’. पोरींनी मनातलं लिहून त्यात टाकायचं.

“ये डब्बा कौन संभालेगा? यास्मीन, उर्दू तो आती ना?”

“आपा! घरची भाषा आहे आपली!”

आता बोलता येते, हे खरंच होतं. वाचता येते असं मी कुठे म्हटलं? फक्त मान जरा जास्त जोरात हलवली.

दोन दिवस नशीब चांगलं होतं. सगळ्या चिठ्ठ्या मराठीत नाहीतर हिंदीत. कोणाला पोलीस व्हायचं होतं, कोणाला रोज खिचडी नको होती. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर आत एकच चिठ्ठी. उर्दूत. बिननावाची. वरून तिच्यावर आमरस सांडलेला!

खोलीचं दार लावून बसले. एकेक अक्षर जुळवलं. अर्धा तास गेला आणि ओळ लागली.

‘पिंकी का नानी खतम.’

पिंकी माझ्याच गटातली. खरं नाव निखत, वय बारा, तोंड चोवीस तास चालू. वडील वणीला कोळशाच्या ट्रकवर. आई नाही, तिला नानीनंच वाढवलेलं. ‘माही नानी असं करते, माही नानी तसं म्हणते’ हे दिवसातून पन्नास वेळा. ‘नानी की’च्या जागी ‘नानी का’ लिहिलंय हे मलाही दिसलं हो! पण आमच्याकडच्या हिंदीत का-की-के कुठेही बसतात, त्यावर कोण अडणार?

वडिलांना फोन लावला. बंद. फॉर्मवर दुसरा नंबर कळंबच्या मामाचा होता. नानी तिथंच राहायची. लावला.

“मामा, मी पिंकीची मॅडम. नानीचं समजलं आम्हाला.”

“अरे! कोनं सांगतलं? पिंकीले नका सांगजा मॅडम, लय रडन ते.”

बघा! आता शंकेला जागा कुठे होती?

“केव्हा झालं?”

“परवा. आंगनात पडली. दवाखान्यात नेलं, तं डॉक्टर म्हने, आता काही होत नाही, घरी घेऊन जा.”

“अरेरे! मग… आता कुठे आहेत?”

“घरीच हाय ना. पडून हाय.”

“परवापासून घरीच? या उन्हात?”

“कूलर लावला ना मॅडम!”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आम्ही पिंकीसाठीच थांबलो,” मामा म्हणाले. “थे आली का मंग घेऊन जातो…”

आणि लाइन कटली. परत लावला, लागेना.

धावत आपांकडे गेले. सगळं सांगितलं. आपांचा विश्वास बसेना.

“परसों से? मय्यत घर में?”

“कूलर लावलाय म्हणे.”

“या अल्लाह!” आपांनी कपाळाला हात लावला.

पिंकीला मी बॅग भरायला पाठवलं. इकडे आपांनी धावण्याच्या शर्यती रद्द केल्या, बाकीच्या मुलींना बसवलं आणि नानीसाठी दुआ करायला सांगितलं. जिनं नानीला कधी पाहिलं नव्हतं ती दिग्रसची पोरगी तर सगळ्यांत मोठ्यानं रडली. वजूला, म्हणजे दुआच्या आधी हातपाय धुवायला गेलेल्या मुली कोरड्या हातांनी परत आल्या.

“यास्मीन, नल को पानी नहीं आ रहा. किसीने बताया नहीं तुमको?”

“आपा,” मी डोळे पुसत म्हटलं, “अशा वेळी पाण्याचं काय घेऊन बसलात!”

आपा खजील झाल्या हो. माझ्यासमोर! त्या वाक्याचं मला आजही पाप लागत असेल.

व्हॅन केली, यवतमाळवरून कळंबला. पुढे आपा, मागे मी आणि पिंकी. पोरगी एकदम गप्प. मी तिचा हात हातात घेतला. सांगणार नव्हते, पण मनाची तयारी तर करायला हवी ना?

“बेटा, एक ना एक दिवस सगळ्यांना जावंच लागतं.”

“सगळ्याईले? मंग आज मलेच काहून नेऊन राह्यले?”

“कोणाची वेळ आधी येते गं.”

तिनं बॅग छातीशी धरली. “मॅडम, माफी नाही भेटत का?”

“अल्लाह सगळ्यांना माफ करतो, बेटा.”

“अल्लाह करन! पण बडी आपा करन का?”

मला काही कळेना. यवतमाळ मागे गेलं आणि पिंकीचा बांध फुटला.

“मॅडम, मी मुद्दाम नाही केलं! राती पाय धुतले अन् नळ चालूच राह्यला. पुरी टाकी खाली झाली! मी भेवाच्या मारे तोंडानं नाही सांगतलं, पण डब्यात चिठ्ठी टाकली ना! तुमी वाचली ना? मंग मले शिबिरातून काहून काढून राह्यले?”

चिठ्ठी. टाकी. पाणी.

मी पर्समधून चिठ्ठी काढली. आता तुम्हाला सांगते, उर्दूत शब्दाच्या सुरुवातीला ‘ट’, ‘प’ आणि ‘न’ हे तिघं सारखेच दिसतात. नुसता एक दात. वर काय आहे, खाली किती ठिपके आहेत, त्यावर कोण ते ठरतं. आणि ठिपक्यांवर तर आमरस! ‘ट’ आणि ‘प’ हे मौलवी साहेबांकडे कधी भेटलेच नव्हते, कारण अरबीत ते नाहीतच.

‘टंकी का पानी खतम.’

वाक्यातला ‘का’सुद्धा बरोबर होता हो!

गाडी थांबवावी म्हणून तोंड उघडलं, तोवर कळंब आलं. मामाचं दार उघडंच होतं. आत कूलरसमोर खाटेवर, एका पायाला प्लॅस्टर घातलेली नानी बसली होती आणि टरबूज खात होती.

आपांच्या तोंडून ‘या अल्लाह’ निघालं ते या वेळी वेगळ्याच सुरात. पिंकीनं तर खाटेवर उडीच मारली. मामा पाणी घेऊन धावले. “मॅडम, तुमी काहून तरास घेतला? डॉक्टर म्हनला होता, काही होत नाही, आराम करा म्हना. पिंकी आली का यवतमाळले पाय दाखवाले घेऊन जानार होतो.”

आता लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं. चिठ्ठी आपांच्या हातात दिली. त्यांनी ती एका नजरेत वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मग नेरला फोन करून टँकर मागवला आणि पिंकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तूने तो सच लिखा था बेटा. चल, शाम को वापस चलते.”

नानीला मात्र हसू आवरेना. प्लॅस्टरसकट हलत होती.

“चाळीस पोरी रडल्या? माह्यासाठी?”

“एकोणचाळीस,” मी खाली मान घालून म्हटलं. गणिताची बाई ना!

नानीनं ती चिठ्ठी मागून घेतली. उलटी धरली, सुलटी धरली, मग टरबुजाची मोठी फोड माझ्या हातात दिली.

“खाय बाई, लाजू नोको. मी तं पुरी आंगठाछाप. मलेही काही वाचता येत नाही.” आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, “पन माह्या न वाचन्यानं आजपावतर कोनी मेलं नाही!”