जुने हातमोजे

सातपूरच्या कारखान्यात मी पर्मनंट होतो, म्हणजे जावयाच्या थाटात होतो. नव्वदीचा काळ. पर्मनंट माणसाला गणवेश, कँटीनचं जेवण, दर महिन्याला नवे हातमोजे. कंत्राटी माणसाला यातलं काहीच नाही. म्हणून आमच्या विभागात एक रीत ठरलेली होती. नवे मोजे हातात आले की जुने आपल्या हाताखालच्या कंत्राटी माणसाला द्यायचे. पण प्रत्यक्षात देत कुणीच नव्हतं. कुणी बायकोला गुलाब छाटायला न्यायचा, कुणी स्कूटर पुसायला.

माझ्या हाताखाली पेठ तालुक्याकडचा एक कंत्राटी माणूस होता. वयानं माझ्याहून मोठा, तरी मी त्याला अरेतुरेच करायचो. भाताची कापणी उरकली की तो यायचा आणि प्रेस मशीनमधून निघालेले लोखंडी पत्रे उचलायचा. त्या पत्र्यांची धार म्हणजे नुसता वस्तरा. दोनदा त्यानं जुने मोजे मागितले, दोनदा मी 'उद्या आणतो' म्हणालो. खरं सांगतो, विसरलो नव्हतो. या लोकांचे हात राठच असतात, यांना कशाला हवेत चोचले, असं मला मनापासून वाटायचं. आणि माझा बाप लासलगावला कांद्याच्या गोण्या वाहून वाहून मेला, बरं का. लाज वाटते. आता तर लाज वाटण्याचाही शीण येतो.

एका सकाळी पत्रा निसटला आणि त्याचा तळवा फाटला. सुपरवायझर धावत आला. रक्त बघून त्यानं आधी मलाच विचारलं, याला मोजे दिले नव्हतेस का?

तो माणूसच बोलला, "दिले व्हते, साहेब. मीच घातले नाय."

सुपरवायझरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. निष्काळजी माणूस नको म्हणून त्याला त्याच दिवशी कामावरून कमी केलं.

हाताला पट्टी बांधून तो निघाला, तेव्हा मी गेटपर्यंत सोबत गेलो. जीव भरून आला होता माझा. माझी नोकरी सांभाळायला खोटं बोलला बिचारा, असं वाटत होतं. न राहवून विचारलंच, का बोललास असं?

तो थांबला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आमच्या पाड्यावरची अजून चौघं आत हायेत. पर्मनंटचं नाव घेतलं तर त्यांनाबी काढतील."