व्यासपीठावरची पंच

मी शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात असल्यापासून कबड्डी खेळले, पंचांची जिल्हा परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले, तरी माझ्या गळ्यात शिट्टीपेक्षा हारच जास्त पडले. त्याला कारण एक परिपत्रक. खेळात सर्वांना सामावून घ्या, प्रत्येक स्पर्धेत किमान एक महिला पंच ठेवा, असं वरून आलं आणि आमच्याकडच्या मंडळांनी ते फार मनावर घेतलं. आता एखाद्याला सामावून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचा सत्कार करायचा.

पहिल्या गावात मी शिट्टी घेऊन मैदानाकडे निघाले तर चार जणांनी अडवलं. "मॅडम, तुमी पाहुण्या. उन्हात कामून उभं राहता? वर बसा." बसले. शाल आली, नारळ आला, फेटा बांधायचा आग्रह झाला. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्यातही तेच. सहा स्पर्धा झाल्या, सहा शाली झाल्या आणि एकाही सामन्यात मी शिट्टी फुंकली नव्हती. सासूबाईंनी एक शाल इस्त्रीखाली अंथरली आणि विचारलं, "तुझी नोकरी खेळाची हाय का शालीची?"

माझ्यासाठी हा गमतीचा विषय नव्हता. राज्य पंच परीक्षेला बसायचं तर पुरुषांच्या एका तरी सामन्यात पंच म्हणून काम केल्याचा आयोजकांचा सहीशिक्क्याचा कागद लागतो. वयाच्या अटीत मी त्याच वर्षापर्यंत बसत होते. मी सत्काराचे फोटो घेऊन लातूरला जिल्हा संघटनेच्या सचिवांकडे गेले. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला, एका फेट्याची तारीफ केली आणि म्हणाले, "मॅडम, यात तुम्ही बसलेल्या दिसता. पंच उभा असतो."

हंगामातली शेवटची स्पर्धा लोह्याजवळच्या एका गावात होती. या वेळी मी हुशारी केली. घरूनच पांढरा टी-शर्ट, काळी ट्रॅकपँट आणि बूट घालून एसटीत बसले, म्हणजे पाहुणी म्हणून कुणाला ओळखूच येऊ नये. मंडळाच्या अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळहळून म्हणाले, "साडी न्हाई आणली का? आता फोटू कसा काढावा?" मग त्यांनी स्वतःच्या घरचा सोफा उचलून आणवला. "पंच आमच्याकडं दोन हायत. तुमी खाली उतरू नका, पोरं लई रांगडी हायत." सातवी शाल अंगावर पडली. माईकवाला दर दहा मिनिटांनी सांगत होता, की आपल्या स्पर्धेला एका भगिनीचे आशीर्वाद लाभले आहेत. मला इतका संताप आला होता की आशीर्वाद सोडून सगळं ओठांवर येत होतं.

अंतिम सामना त्या गावचा आणि भोकरच्या संघाचा. पण भोकरची पोरं मैदानात मांडी घालून बसली. एक पंच गावच्या कप्तानाचा मेहुणा निघाला होता, त्यामुळे तो त्यांना नको होता. दुसऱ्याला सकाळी भोकरच्या टेम्पोतून उतरताना गावाने पाहिलं होतं, त्यामुळे तो गावाला नको होता. अर्धा तास गोंधळ चालला. शेवटी अध्यक्षांच्या डोक्यात उजेड पडला. "मॅडमला उतरवा. बाईमाणसाला कुणी शिवी देणार न्हाई, अंगावर येणार न्हाई."

कारण अपमानाचं होतं हे मला कळत होतं. तरी त्यांचं वाक्य संपायच्या आत शाल सोफ्यावर टाकून मी मध्यरेषेवर जाऊन उभी राहिले.

पहिला अर्धा सामना कबड्डीचा वाटतच नव्हता. पोरं एकमेकांना पाडत होती आणि माझ्याकडे बघून "माफ करा ताई" म्हणत होती. गावच्या कप्तानाने चक्क हात जोडून अपील केलं. एखाद्या लग्नात आहेर घ्यायला उभं राहावं तसं मला झालं होतं.

शेवटच्या चढाईला गाव एका गुणाने मागे होतं. चढाईला आला अध्यक्षांचा पुतण्या, गावाचा लाडका. मैदानाच्या दोन्ही कडांना लॉबीची पट्टी असते. समोरच्या खेळाडूला शिवल्याशिवाय तिच्यात पाय टाकला की गडी बाद. पुतण्याने आधी लॉबीत पाय टाकला, मग तिघांना शिवला आणि परत येऊन नाचायला लागला. हलगी वाजली, गुलाल उडाला. मी त्या पट्टीपासून तीन हातांवर होते. मी शिट्टी फुंकली आणि त्याला बाद दिलं.

हलगी थांबली. मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी सकाळी माझ्या हातात नारळ दिला होता, ते उठले. "डोळे घरी ठिवून आली का गं?" पुतण्या छाती काढून अंगावर आला. त्याच्या तोंडी ताई राहिली नव्हती, जे होतं ते इथे लिहिता येणार नाही. माझा हात बरोबर खिशात गेला आणि पिवळं कार्ड बाहेर आलं. "बाहेर बस," मी म्हणाले. तो बसला. खरं सांगते, त्या शिव्यांनी मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्या भाषणाने झाला नव्हता. प्रत्येक पंचाला पडतात त्याच त्या शिव्या होत्या, माझ्यासाठी एकही सौम्य केलेली नव्हती.

आनंद पाचच मिनिटं टिकला. अध्यक्षांपुढे मी सहीसाठी कागद धरला तर ते म्हणाले, "पत्र मागून राहिल्या का? मी लातूरला तुमची तक्रार करून राहिलो." लोहा ते अहमदपूर मी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून रडले. वयाची अट काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

चौथ्या दिवशी सचिवांनी लातूरला बोलावलं. टेबलावर मंडळाच्या छापील कागदावरची दोन पानी तक्रार होती. "वाचा आणि यात काय खोटं आहे ते सांगा."

मी वाचली. "लॉबीत पाय पडलाच नाही, हे खोटं आहे. बाकी सगळं खरं."

"पुरुष गट, अंतिम सामना, पंच म्हणून काम केलं, खाली अध्यक्षांची सही, गोल शिक्का." त्यांनी चष्मा काढला. "आमच्या फाइलला झेरॉक्स पुरते. मूळ प्रत तुम्ही परीक्षेच्या अर्जाला लावा."

मी तिथेच बाकावर बसून ती पुन्हा वाचली. पहिल्या पानावर मी "सन्माननीय महिला पंच" होते. दुसऱ्या पानावर अध्यक्षांचा राग चढत गेला होता आणि तिथे सगळीकडे नुसतं लिहिलं होतं, पंच. मी दुसरं पान वर ठेवून पिन मारली.