नाव-गावासकट

प्रेमला रणपिसे प्रार्थनेला बसली की देवालाही वही उघडून बसावं लागत असेल, असं तिचा नवरा आनंद म्हणायचा. मुक्ताई मावशींचा उजवा गुडघा, तळमजल्यावरच्या राधाच्या सुनेचं दुसरं बाळंतपण, हडपसरच्या चुलतभावाची सुटलेली नोकरी. नाव, गाव, दुखणं, सगळं तिच्या वहीत तारीखवार लिहिलेलं असे आणि संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत ती ते एकेक करून देवापुढे मांडी. मोघम प्रार्थना तिला चालतच नसे. "सगळ्या आजाऱ्यांना बरं कर" असं कुणी म्हटलं, की तिला ते भाजीवाल्याला "काहीतरी द्या" म्हटल्यासारखं वाटे.

ही सवय आईची. आई नगर जिल्ह्यातल्या खेडोपाडी पायी फिरून बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची. ती म्हणायची, "साक्ष द्यावी तर नाव-गावासकट. नाहीतर ती नुसती गोष्ट होते गं." बिबवेवाडीत हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये प्रेमलाची ख्रिस्ती मंडळी जमे, तिथेही हीच रीत होती. रविवारच्या उपासनेत, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला कुणी उभं राहिलं आणि "एका बहिणीला प्रभूने बरं केलं" असं म्हणालं, की मागून आवाज यायचाच, "कुठल्या बहिणीला? नाव सांगा की!"

प्रेमला स्वतः मात्र कधी साक्ष द्यायला उभी राहिली नव्हती. सांगण्यासारखं तिच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं. बावन्न वर्षांत पुणे, नगर आणि एकदा महाबळेश्वर, एवढंच तिचं जग.

म्हणून पास्टर तेजसनी नेपाळच्या सेवेसाठी अकरा जणांत तिचं नाव घेतलं, तेव्हा ती आधी मागे वळून बघायला लागली. पास्टर पस्तिशीचे, उत्साही. मंडळीतली खराडीच्या कंपन्यांतली पोरं-पोरी घेऊन नऊ दिवस जायचं, डोंगरातल्या एका गावात तिथल्या पास्टरांच्या घरी राहायचं, मुलांसाठी खेळ-गाणी, घरोघर भेटी, येशूची सुवार्ता, आणि परत. प्रेमलाची मुलगी उत्कर्षा त्यात होतीच. तिथल्या बायकांशी बोलायला एक वयस्कर बाई हवी होती, आणि स्वयंपाकाला हात.

"पोरांनी आत्मे सांभाळायचे आणि तू त्यांची पोटं," आनंद म्हणाला. तो आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होता. बोलणंही तिकीट फाडल्यासारखं, एकदाच आणि तुटक. "वाटप बरं केलंय."

पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारानेही चहा पिता पिता विचारलं, "नेपाळला पासपोर्ट कशाला हवा काकू? मतदान कार्डावर जाता येतं."

"असू द्या," ती म्हणाली. "पुढेमागे प्रभूने आणखी कुठे पाठवलं तर."

ते गाव कुठलं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. का, ते पुढे कळेलच. डोंगराच्या कुशीत शे-दीडशे घरं होती, सकाळी इतकी थंडी की कणीक मळताना बोटं वळायची नाहीत. निघण्याआधी पास्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं, "तिकडे धर्मप्रसाराला बंदी आहे, कायदा कडक आहे. कुणी विचारलं तर आपण फिरायला आलोय." प्रेमलाला ते जरा खुपलं. पण बायबलमधल्या पौलालाही जीव वाचवायला एकदा टोपलीत बसून भिंतीवरून उतरावं लागलं होतं, असं तिने मनाला समजावलं.

चौथ्या दिवशी उत्कर्षाचा टी-शर्ट खांद्यात उसवला. गावात शिलाईकाम करणारी एक तिशीची बाई होती, तिच्याकडे प्रेमला तो घेऊन गेली. तिला आपण दिदी म्हणू. दिदीचा नवरा मलेशियात कामाला होता. घरात सासू, दीर, सहा वर्षांचा मुलगा. प्रेमलाला मशीन दिसलं की हात शिवशिवत. दोघींनी मिळून टी-शर्ट शिवला, मग पडद्याची दुमड, मग मुलाच्या गणवेशाचं बटण. एकीचं हिंदी नेपाळी, दुसरीचं मराठी, तरी गप्पा अडल्या नाहीत. सासू पाण्याला गेली तशी दिदीने मशीनखालचा खण ओढला. रिळं बाजूला केली, चिंध्या बाजूला केल्या. खाली नव्या कराराचं एक लहानसं पुस्तक होतं, कडा काळ्या पडलेल्या.

"दो साल से, आंटी," ती कुजबुजली. "घर में किसी को पता नहीं. सिर्फ पास्टर को और आप को. किसी को बोलना मत."

प्रेमलाला भरून आलं. तिने दिदीचे दोन्ही हात धरले. "अगं, मैं किसको बोलेगी? पुणे में तेरे को कौन पहचानता है?"

त्या वाक्यात तिला काही खोटं दिसलं नाही. किसी को म्हणजे सासूला, दिराला, गावाला. पुणं कुठे, ते गाव कुठे!

परतल्यावर पहिल्याच रविवारी हॉल गच्च भरला होता. मागे मटण शिजत होतं, सहभोजनासाठी. एकेक जण उठून दोन-दोन मिनिटं बोलला. पोरांनी डोंगर कसे होते, देवाने बस कशी वेळेवर पाठवली ते सांगितलं. मग पास्टर म्हणाले, "प्रेमलाकाकू, या."

ती वही घेऊन उभी राहिली.  तिने पान उघडलं आणि वाचायला लागली. दिदीचं नाव. गावाचं नाव. नवरा कुठे असतो. सासू पाण्याला कधी गेली. मशीनचा खण, रिळं, चिंध्या, पुस्तक. बारा मिनिटं ती बोलली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. खण उघडल्याचं सांगताना मुक्ताई मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि मागून कुणीतरी "हालेलूया!" म्हणून ओरडलं. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाही बाईला "नाव सांगा की" म्हणावं लागलं नाही.

उपासना नेहमीप्रमाणे मोबाइलवर थेट दाखवली जात होतीच. मंगळवारी मंडळीतल्या कुणीतरी प्रेमलाच्या बोलण्यातली चांगली तीन मिनिटं वेगळी काढली. ऐकताना शब्द निसटू नयेत म्हणून खाली सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं, मागे मंद संगीत घातलं, आणि मोबाइलवरून सगळीकडे सोडून दिलं. बघता बघता ते शेकडो लोकांनी पाहिलं. मंडईत कोथिंबिरीच्या गाळ्यापाशी एका अनोळखी बाईने प्रेमलाचा हात धरला, "तुम्हीच ना त्या शिलाईमशीनवाल्या?" प्रेमला घरी येऊन आनंदला म्हणाली, "मला लोक ओळखायला लागले."

"कोथिंबीर स्वस्त दिली का?" आनंदने विचारलं.

सहा आठवडे गेले. एका बुधवारी भर दुपारी उत्कर्षा खराडीहून घरी आली. कामाच्या दिवशी ती कधी अशी येत नसे.

"आई, बस जरा."

"आधी चहा टाकते."

"चहा नको. बस."

तिथल्या पास्टरांच्या मुलीशी उत्कर्षाचं अधूनमधून बोलणं असे. आज तिचा फोन आला होता. प्रेमलाच्या बोलण्याची ती तीन मिनिटं फिरत फिरत मलेशियात पोचली होती. दिदीच्या नवऱ्याच्या खोलीत सात नेपाळी माणसं राहतात. त्यांतल्या एकाच्या फोनवर ती आली. मराठी त्यांना कळलं नाही, पण खाली लिहिलेलं वाचता आलं. लिपी एकच. बायकोचं नाव, गावाचं नाव आणि शिलाईमशीन. नवऱ्याने घरी फोन केला. दिराने मशीन अंगणात आणून उलटं केलं. खण कुठला, ते त्याला शोधावं लागलं नाही.

"मग?" प्रेमलाने विचारलं.

"मारलं तिला. घराबाहेर काढलं. मुलाला ठेवून घेतलं. ती माहेरी गेली, तिथे भावाने दोन दिवस ठेवलं. मग तिथूनही गेली. कुठे, ते कुणाला माहीत नाही." उत्कर्षा फोनकडे बघत होती. "तिथल्या पास्टरांना पोलिसांनी तीन दिवस बसवून ठेवलं होतं. आता त्यांच्याकडे कुणी येत नाही."

प्रेमला उठली आणि चहा टाकला. तिघांसाठी टाकला, आणि तो तिघांपैकी कुणीच प्यायलं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला तिने वही उघडली. दिदीचं नाव त्या पानावर दोनदा लिहिलेलं होतं, एकदा तर ठळक. तिने वही मिटली.  आनंद म्हणाला, "लग्नात माझं नाव घ्यायला तुला उखाणा लागला होता. आणि तिचं गावासकट घेतलंस." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. तो उठला आणि त्याने न सांगता तिचं अंथरूण घातलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ती पास्टर तेजसकडे गेली. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. ती तीन मिनिटं त्यांनी काढून टाकली होती. ज्यांच्या फोनवर आधीच गेली, तिथून ती काढता येत नव्हती.

"काकू, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. सुवार्तेसाठी किंमत मोजावीच लागते. शास्त्रात छळाबद्दल लिहिलंच आहे."

"किंमत कोणी मोजली, पास्टर? आपण तर परत येऊन मटण खाल्लं."

पास्टरांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "फेब्रुवारीत दुसरा गट निघतोय. दुसऱ्या जिल्ह्यात. आत्ता हे सगळ्यांपुढे आलं तर पोरं घाबरतील. आईबाप पाठवणार नाहीत. आपण दोघांनी प्रार्थनेत ठेवू या ना हे. आणि निरोपाच्या रविवारी तुमचीच साक्ष ठेवलीय, ती रद्द केली तर लोक विचारतील. तुम्ही आपलं थंडीचं सांगा, मुलांच्या गाण्यांचं सांगा."

तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढचे दहा दिवस ती वरण-भात लावत होती, पोळ्या लाटत होती आणि एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. गप्प बसावं तर नवी अकरा माणसं जातील, नवे खण उघडतील, परत येऊन नावं सांगतील. बोलावं तर सगळ्या मंडळीपुढे स्वतःचं तोंड काळं करून घ्यायचं, आणि ज्या पास्टरांनी तिला पहिल्यांदा कुठे नेलं, त्यांचं काम मोडायचं. या सगळ्यात दिदीला काय मिळणार? काही नाही. हेच तिला सगळ्यात टोचत होतं. तिने काहीही केलं तरी ते पोर त्या बाईच्या मांडीवर परत येणार नव्हतं.

निरोपाच्या रविवारी जाणारे अकरा जण नव्या टी-शर्टांत पुढच्या रांगेत बसले होते. पास्टरांनी नाव पुकारलं. प्रेमला उभी राहिली. हातात वही नव्हती.

"आधी ते बंद करा," ती कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली.

"काकू, घरून बघणारे आहेत..."

"बंद करा."

कुणी हललं नाही. मग उत्कर्षा उठली, पुढे गेली आणि तिने आपली ओढणी कॅमेऱ्यावर टाकली.

"मागे मी एका बहिणीबद्दल सांगितलं होतं," प्रेमला म्हणाली.

"प्रभूची स्तुती असो!" मागून सवयीने आवाज आला.

"ते ऐकून तिला घरच्यांनी मारलं." पुन्हा कुणीतरी अर्ध्या आवाजात "आमेन" म्हणून गेलं आणि थबकलं. "तिला हाकललं. तिचं लेकरू काढून घेतलं. तिने मला कुणाला सांगू नको म्हटलं होतं. मी हो म्हटलं होतं. येशूला धरून देताना यहूदाने तर नुसतं चुंबन घेतलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, पुस्तक कुठे ठेवलंय तेही सांगितलं. आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मला वाटलं देवालाही आवडलं असेल."

पुढच्या रांगेकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही जा, नाहीतर जाऊ नका. मला त्यातलं कळत नाही. पण कुणी तुमच्यापुढे खण उघडला, तर तिथेच विसरून या."

ती खाली बसली. पास्टरांनी गीताचा नंबर सांगितला. पेटी वाजली, पण लोकांना पहिली ओळ धरायला वेळ लागला. सहभोजनाला प्रेमलाच्या पंगतीला दोन जागा मोकळ्या राहिल्या.

गट गुरुवारी गेला. अकराचे नऊ झाले होते. दिदीचा पत्ता लागला नाही. उत्कर्षाने चारदा विचारलं, पाचव्यांदा तिकडून उत्तरच आलं नाही.

शनिवारी प्रेमला मंडईत मेथी निवडत होती. खांद्यावर हात पडला. मुक्ताई मावशी होत्या, गुडघ्याला पट्टा बांधून, दम लागलेल्या.

"प्रेमला, रविवारी काय गं बोललीस! माझं काळीज हललं. तेव्हापासून सुखाने घास उतरत नाही बघ." मावशींनी पिशवीतून प्रार्थनेची वही काढली, पालकाच्या जुड्यांवर उघडून ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. "मी रोज तिच्यासाठी मागणार आहे. मागच्या वेळी ऐकलं होतं, पण आता वय झालं, विसरले. काय गं नाव त्या पोरीचं? आणि गाव?"

प्रेमलाने मेथीची जुडी खाली ठेवली. मावशींच्या हातातून टोपण घेतलं आणि पेनावर बसवलं.

"देवाला माहीत आहे, मावशी."

"अगं, पण मी काय म्हणून मागू?"

 भाजीवाला म्हणाला, "ताई, मेथी घेताय का? नाहीतर हात लावून ठेवू नका." तिने मेथी घेतली, मावशींचा हात धरला आणि दोघी गर्दीतून बाहेर पडल्या.