छापा पडला तर यंत्र, काटा पडला तर हात

नांदूरघाटात आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. पुढच्या खोलीत मी संगणकावर मजकूर जुळवते, मागच्या खोलीत नवरा छपाईचं मशीन चालवतो आणि दाराशी खुर्ची टाकून सासरे बसतात. त्यांना मी मामा म्हणते. मामांची सगळी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. कोणती गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, हे त्यांनी तीस वर्षं वहीत लिहिलं. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण मनगटावरचं घड्याळ काही सुटलं नाही.

परवाच्या लग्नसराईच्या आधी मी संगणकावर एआयचं एक साधन घेतलं. यादीचा फोटो टाकला की नावं आपोआप टाइप होऊन यायची. पहिल्या दिवशी मी अक्षरशः हरखून गेले. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरानवरीपेक्षा पाहुण्यांची नावं जास्त असतात. आजे, चुलते, मामे, मावसे, समस्त भावकी, वर सरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे. एक नाव राहिलं तर तो माणूस मांडवात फुगून बसतो. असली साठ-सत्तर नावं डोळ्यांदेखत भराभर उमटताना बघून मी नवऱ्याला मशीन बंद करून बाहेर बोलावलं होतं.

आठवडाभर मी येईल त्याला सांगत होते की आपलं काम निम्म्यावर आलं. एकदा जेवताना मामांनी विचारलं, निम्म्यावर आलं हे तुला कसं कळलं? मी म्हणाले, जाणवतंच की. त्यावर ते एवढंच म्हणाले, "मग कालबी दिवेलागणीलाच घरी आलीस अन् आजबी दिवेलागणीलाच. ते निम्मं गेलं कुठं?"

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, की मोजू या. मामांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना पुन्हा ड्यूटीवर बोलावलंय. त्यांनी नवी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि नियम घातले.

पहिला नियम नाण्याचा. आतापर्यंत सोपी, सुवाच्य यादी आली की मी ती यंत्राला द्यायचे आणि किचकट यादी स्वतः टाइप करायचे, हे त्यांनी खुर्चीत बसून बघितलं होतं. अशानं यंत्र जिंकणारच, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक कामाला नाणं उडवायचं. छापा पडला तर यंत्र, काटा पडला तर हात. दुसरा नियम असा, की काम संपलं की घड्याळ बघण्याआधी मी माझा अंदाज सांगायचा, तो वेगळ्या रकान्यात. तिसऱ्या नियमावरून आमचं वाजलं. टाइप झालं की काम संपलं, असं मी म्हणत होते. मामा म्हणाले, गिऱ्हाईक प्रूफ वाचून सही करंल तेव्हा संपलं. "फाट्यावर गाडी दिसली म्हणून मी कधी आली असं लिहिलं न्हाई. फलाटाला लागली की लिहायचं."

मी मान्य केलं आणि आमची शर्यत सुरू झाली. शर्यतच म्हणते, कारण त्या दिवसांत मला सकाळी दुकान उघडायची घाई व्हायची. गिऱ्हाईक पायरी चढलं की मामा नाणं काढायचे. लोकांनाही मजा वाटायला लागली. काहीजण नाणं स्वतः उडवायला मागायचे आणि छापा पडला की उगीच खूश व्हायचे.

मग युसूफ वडगाव या गावातून एक पत्रिका आली. मुलीचं लग्न होतं. वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेली यादी देऊन मुलीचे वडील गेले. छापा पडला. यंत्रानं नावं झरझर काढली, मी वरवर नजर फिरवली आणि प्रूफ काढून ठेवलं. सही व्हायची होती तरी मी ऐटीत अंदाज सांगून टाकला, वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी प्रूफ वाचायला मुलीचे आजोबाच आले. धोतर, फेटा, हातात काठी. बाकावर बसून चष्मा लावला आणि बोट ठेवत एकेक ओळ वाचू लागले. एका ओळीवर बोट थांबलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. मग शांतपणे म्हणाले, "बाई, मी कवा गेलतो?"

मला काही कळेना. मी उठून बघितलं. यादीत वरच्या ओळीत त्यांच्या बायकोचं नाव होतं, त्या वारलेल्या, म्हणून नावामागे कै. लिहिलेलं. यंत्रानं खालच्या ओळीलाही तेच लावलं होतं. समोर बसलेल्या जिवंत माणसाच्या नावामागे, निमंत्रकांत, कै.

मी पुन्हा पुन्हा माफी मागितली. मामा खुर्चीतून उठून आले आणि त्यांनीही हात जोडले. आजोबा मात्र चिडले नाहीत. म्हणाले, बरं झालं मीच आलो, पोरगा आला असता तर त्यानं घाईत सही केली असती आणि लग्नात लोकांनी मला शिवून बघितलं असतं. त्यांनी चहा घेतला, आम्ही ओळ नीट केली, मग उरलेली सगळी नावं मी त्यांच्याशेजारी बसून एकेक करून ताडून पाहिली. आणखी दोन चुका निघाल्या. एका आडनावाचं यंत्रानं परस्पर शुद्धलेखन सुधारलं होतं, दोन चुलते एकच समजून एका ओळीत घातले होते. सही झाली तेव्हा मामांनी वहीत वेळ लिहिली आणि वही माझ्याकडे फिरवली. आदल्या दिवसाचं काम आणि आजचं, मिळून पावणेदोन तास.

पंधरा दिवसांनी आम्ही तिघं वही घेऊन बसलो. हातानं लिहिलेल्या याद्यांना यंत्रामुळे वेळ वाचत नव्हताच, उलट थोडा जास्तच लागत होता. टाइपिंगला लागायचा तो वेळ ताडून बघण्यात जायचा. पण मला खरा धक्का अंदाजाच्या रकान्यानं दिला. यंत्राबरोबर केलेल्या प्रत्येक कामाला मी खऱ्यापेक्षा कमी वेळ सांगितला होता. एकदाही जास्त नाही. हातानं टाइप करताना बोटं दुखायची म्हणून वेळ लांब वाटायचा. यंत्र टाइप करायचं तेव्हा मी नुसती बघत बसायचे आणि ते बघणं, नंतरचं ताडणं मी कामात धरतच नव्हते.

नवरा म्हणाला, मग बंद करू ते. मला मात्र उलटंच वाटत होतं. इतकी वर्षं मी हे काम करते आणि माझा वेळ कुठं जातो हे मला ठाऊक नव्हतं. आता ते कागदावर दिसत होतं. मी म्हणाले, अजून पंधरा दिवस.

त्याच आठवड्यात मांजरसुंब्याकडून एका धनगराचा फोन आला. मेंढरं घेऊन ते घाटाच्या बाजूला होते, मुलाचं लग्न ठरलेलं, आणि लिहिता येत नसल्यानं नावं बोलून पाठवू का, असं विचारत होते. थोड्या वेळात अकरा आवाजी निरोप येऊन पडले. मागे मेंढरांचं बेंबें, मधेच कुत्र्याला हाकारणं, आणि संथ आवाजात एकेक नाव. एरवी असले निरोप थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत टाइप करण्यात माझा अर्धा दिवस जायचा. नाणं उडालं. छापा.

यंत्रानं ते ऐकून उतरवलं. चूक झाली, पण ती बघून मला हसूच आलं. ते गृहस्थ प्रत्येक नात्यानंतर "हाय" म्हणत होते, ह्यो नवरदेवाचा मामा हाय, ह्यो चुलता हाय. यंत्रानं प्रत्येक नात्यापुढे स्वल्पविराम देऊन इंग्रजीतला नमस्कार घातला होता. पण नावं बरोबर होती. त्यांनी ती सावकाश, स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. मी सगळे हाय खोडले, त्यांना फोनवर यादी वाचून दाखवली, त्यांनी एक मावसा वाढवला आणि तोंडी मंजुरी दिली.

मामांनी घड्याळ बघितलं. मग काच पुसून पुन्हा बघितलं. चाळीस मिनिटं, तीही फोनसकट. मी अंदाज एक तास सांगितला होता.

त्यानंतर आम्ही फक्त बोललेल्या याद्या मोजल्या, नाण्यानंच. एकदा नाही, प्रत्येक वेळी यंत्र पुढे. मग मला सुचलं, की लिहिलेला कागद घेऊन येणाऱ्यालाच समोर बसवून तो यंत्रापुढे मोठ्यानं वाचायला का लावू नये? वाचताना माणूस स्वतःच सांगतो, हे आजोबा वारले, हे आहेत, हे दोघं सख्खे भाऊ. अशा पत्रिका मोजल्या तर तिथंही वेळ वाचला. अक्षर ओळखणं नाही, शंका विचारायला फोन नाही, गिऱ्हाईक सही करूनच परतीच्या गाडीला जाऊ लागलं. दुकानाबाहेर मी पाटी लावली, नावं तोंडी सांगा. मंगलाष्टकांसारख्या ओळी किंवा नवा मजकूर मात्र मी यंत्राकडून घेत नाही. घेऊन बघितला होता, पण त्याची फुलाफुलांची भाषा लोक वाचायचे आणि म्हणायचे, आमच्या थोरल्याच्या पत्रिकेत होतं तेच टाका.

मोजणी संपली असं मला वाटलं, पण मामांचा एक रकाना उरला होता. वाचला तो वेळ कुठं गेला, हे त्यांना लिहायचं होतं. मी प्रामाणिकपणे बघितलं. तो सगळा आणखी पत्रिकांनी खाल्ला होता. घरी पोचायची वेळ तीच. मामांनी रकाना रिकामा ठेवून वही माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाच वाजता संगणक बंद करायला लागले. त्या मोकळ्या तासाचं काय करायचं हे पहिले दोन दिवस समजेना. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाले, मला स्कूटी शिकायची आहे. तो चकित झाला, पण मागे बसला. आता शाळेच्या मैदानात आठाचा आकडा काढता येतो, आणि काल पहिल्यांदा मी एकटी, कुणालाही मागे न घेता, केजच्या रस्त्याला पुलापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर स्कूटी दुकानाच्या दाराशी लावली आणि किती वेळ लागला, हे मी कुणाला विचारलं नाही.