सहा कुडोची बांधी

माझ्या बी. टी.च्या निकालावर एकदा 'नापास' आलेलं आहे आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. ज्यांना वाटायला हवी होती त्यांनाही वाटली नाही, तो भाग वेगळा.

बी. टी. म्हणजे मास्तर होण्याची पदवी. ती नसली की हायस्कुलात गणित शिकवायला कायमची जागा मिळत नसे. दरवर्षी एप्रिलात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा हात जोडायचे. मी अर्जुनी मोरगावकडच्या धानकऱ्याचा मुलगा. दोन वर्षं असे हात जोडले, कंटाळलो आणि गोंदियाहून छोट्या गाडीत बसून जबलपूरला शिकायला गेलो.

तिथे धड्याच्या पाच पायऱ्या शिकवीत. कुठल्या पायरीला किती मिनिटं, फळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात काय लिहायचं, सगळं ठरलेलं. धड्याचं टाचण काढायचं, त्यात एक रकाना असे: 'विद्यार्थ्यांच्या चुका'. पोरांनी तोंड उघडायच्या आधीच त्यांच्या चुका लिहून ठेवायच्या! मीही निमूटपणे लिहीत असे. वर्षभरात मी 'कायले' सोडून 'कशाला' म्हणायलाही शिकलो होतो. म्हणजे मी किती गुणी झालो होतो पाहा.

परीक्षेचा धडा गोंदियाच्या एका शाळेत लागला. वर्ग आठवीचा, विषय त्रिकोणाचं क्षेत्रफळ. मागच्या बाकावर परीक्षक, कोट-टोपीतले, नागपूरहून आलेले. मी फळ्यावर आयत काढला आणि म्हणालो, "हे एक शेत आहे. लांबी ऐंशी गज, रुंदी साठ. किती मोठं झालं?"

टाचणात उत्तर लिहिलं होतं: चार हजार आठशे चौरस गज. दुसऱ्या बाकावरचं एक पोरगं फळ्याकडे डोळे बारीक करून म्हणालं, "सहा कुडोची बांधी आहे थे, मास्तर."

परीक्षक मोठ्यानं हसले.

आमच्याकडे वावराची मोजणी अशीच होते. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, किती कुडो बी पडतं, ते तिचं माप. वीस कुडोंची खंडी. पोरानं फळ्यावरचं शेत पाहिलं, मनात बी पेरलं आणि उत्तर दिलं. आता मी "चूक, बस खाली" म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण ते हसणं कानात शिरलं आणि माझ्या टाळूला आग लागली. हे हसणं त्या पोराला होतं तसं माझ्या बापाला होतं, आमच्या अख्ख्या झाडीपट्टीला होतं.

मी टाचण टेबलावर पालथं घातलं. म्हटलं, "बरोबर. आता या बांधीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा धुरा टाकला तर?" धुरा म्हणजे आमच्याकडे बांध.

वर्ग अंगात आल्यासारखा बोलू लागला. एक जण उभाच राहिला. "आमच्या घरी काकाची वाटणी झाली तवा असाच धुरा टाकला, मास्तर. आता आम्हाले तीन कुडो लागते, काकाले तीन."

"काऊन तीनच?" मी विचारलं.

"अर्धी झाली नं!"

त्रिकोण आयताच्या निम्मा. पोरांनी स्वतः काढलं, मग त्याचे गज मी करून घेतले. घंटा झाली तरी एकही पोर उठायला तयार नव्हतं.

परीक्षकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बी जमिनीप्रमाणे कमीजास्त होतं. हे माप नव्हे. ते उत्तर चुकांच्या रकान्यात लिहा, मी पास करतो." बी कमीजास्त होतं हे मला शिकवायला नागपूरहून यायची गरज नव्हती. मी म्हणालो, "ती चूक नाही, साहेब." रकाना कोराच दिला. महिन्याभरात निकाल आला. वर्ष गेलं, कायमची नोकरी हुकली.

घरी आलो. बाबा धुऱ्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कायले नापास केलं?"

"वावर कुडोत मोजलं म्हणून."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना राग आला नव्हता, खरोखरच कळत नव्हतं. "धानाचं वावर धानात नाही मोजाचं, तं मंग कायच्यात मोजाचं?"

मला रडू आलं. लपवलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. सोबतचे सगळे सांगत होते, विषय बदल, हट्ट सोड, पोटाचा प्रश्न आहे. डोंबलाचा प्रश्न! मी तोच विषय मागून घेतला, तोच आयत काढला, ऐंशी गज आणि साठ गज. चुकांच्या रकान्यात आधीच शाईनं लिहून ठेवलं: 'मुलं उत्तर कुडोत देतील. ते बरोबर धरावं.' परीक्षक तेच होते. भर वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा कुडो? कशाला?"

मी खडू खाली ठेवला. जबलपूरची भाषा त्या दिवशी तोंडात आलीच नाही.

"धानाचं वावर धानात नाही मोजाचं, साहेब, तं मंग कायच्यात मोजाचं?"

वर्ग हसला. या खेपेला हसले नाहीत ते फक्त परीक्षक. गेल्या वर्षी त्यांनीच मागितलं तसं ते उत्तर चुकांच्या रकान्यात लिहिलेलं होतं; काठावर का होईना, त्यांना मला पास करावं लागलं.